कोणते राजाराम महाराज?

मंडळी, इटलीची सहल करून आलो त्याला आता बरेच महिने झाले. आल्या आल्या लिहीन असं सगळ्यांना सांगितलं होतं, ते राहूनच गेलं. तशी प्रवासवर्णनं पुष्कळ झाली आहेत. पिसाचा कलता मनोरा, व्हेनिसचे कालवे, रोमचं कलोसियम, यांत माझ्यासारखा निवृत्त मास्तर नवीन काय भर घालणार? शिवाय मला जे सांगायचं आहे ते इटलीत सुरू होत नाही. ते सुरू होतं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत, नववीच्या वर्गात. म्हणून आधी तिथं जाऊ.

साल १९८३. इतिहासाचा तास. धडा इटलीच्या एकीकरणाचा. मॅझिनी, कावूर, गॅरिबाल्डी ही त्रिमूर्ती फळ्यावर लिहून झाली होती आणि मी सनावळ्या घालून देत होतो. १८६१ इटलीचं राज्य जाहीर, १८६६ व्हेनिस सामील, १८७० रोम सामील. मुलं खाली मान घालून लिहीत होती. तास संपायला दहा मिनिटं होती, म्हणून मी माझ्या आवडत्या विषयावर आलो. मुलांनो, खूप शिका, कोल्हापूरला कॉलेजात जा, मी खेड्यातूनच राजाराम कॉलेजात गेलो, मराठी माध्यमातून बी. ए. झालो, वगैरे वगैरे. हे भाषण मी दरवर्षी करत असे.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, राजाराम कॉलेज म्हंजे कोणते राजाराम महाराज?"

मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "शाहू महाराजांचे चिरंजीव. १९२२ साली गादीवर आले ते."

तो बसला नाही. म्हणाला, "पण सर, माझा थोरला भाऊ तितं शिकतोय. त्येच्या पुस्तिकेवर स्थापना १८८० लिवलंय."

वर्गात हसू पसरलं. मुलगा उद्धट नव्हता, बेरीज-वजाबाकी करून विचारत होता. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगला विद्यार्थी कुठं मिळणार? पण मी काय केलं? "फार शहाणा झालास," म्हणालो आणि त्याला दाराजवळ उभं केलं. घंटा होईपर्यंत तो उभा होता. मी पुन्हा सनावळ्यांकडे वळलो.

खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं. ज्या कॉलेजच्या पायऱ्या मी रोज चढलो-उतरलो, त्याला नाव कुणाचं हे मी कधी विचारलंच नव्हतं. कोल्हापुरात राजाराम हे नाव इतक्या ठिकाणी आहे! राजारामपुरी आहे, राजाराम तलाव आहे, राजाराम बंधारा आहे, साखर कारखाना आहे. नाव रोजचं झालं की ते दिसेनासं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं आमचं झालं. वळसा तर चांगला इटलीपर्यंतचा निघाला.

निवृत्त झाल्यावर वेळ भरपूर होता. ग्रंथालयात बसून कोल्हापूर संस्थानचा इतिहास वाचताना एका पानावर मला उत्तर मिळालं. त्या रात्री जेवण गेलं नाही असं नाटकी काही घडलं नाही. पण तो दाराजवळ उभा असलेला मुलगा तेव्हापासून अधूनमधून डोळ्यांसमोर यायला लागला.

आता उत्तराकडे येतो. मराठ्यांच्या इतिहासात राजाराम महाराज एक नव्हेत. पहिले आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेले, शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र, जिंजीहून राज्य राखणारे, १७०० साली सिंहगडावर वारले ते. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज १९२२ ते १९४० या काळातले. आणि या दोघांच्या मध्ये आणखी एक होऊन गेले. मूळचे पाटणकर घराण्यातले नागोजीराव. जन्म १८५० चा. १८६६ साली ते दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले. इंग्रजी शिकले. १८७० साली, समुद्र ओलांडणं हे पाप समजलं जाण्याच्या त्या काळात, ते विलायतेला निघाले. हिंदू संस्थानिकांपैकी विलायतेला जाणारे ते अगदी सुरुवातीचे. इंग्लंडात त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, संस्था पाहिल्या, आणि रोज इंग्रजीतून डायरी लिहिली. त्यांच्यासोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती पुढे १८७२ मध्ये लंडनला छापली. छापली तेव्हा लिहिणारा हयात नव्हता. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स शहरी त्यांचा मृत्यू झाला. वय वर्षं वीस.

१८७०! मी ज्या वर्गात "१८७० रोम सामील" असं लिहून देत होतो, त्याच वर्गात उत्तर होतं, त्याच आकड्यात होतं, आणि मी विचारणाऱ्यालाच दाराशी उभं केलं होतं.

असो. आमची मुलगी आणि जावई म्युनिकला असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नातवाला शाळेची उन्हाळी सुट्टी होती. आम्ही दोघं गेलो तेव्हा जावईबापूंनी इटलीचा बेत आखला. व्हेनिस दोन दिवस, फ्लॉरेन्स तीन दिवस, मग उंब्रियाच्या डोंगराळ मुलखात एका शेतघरात मुक्काम आणि शेवटी रोम. मला विचारलं, "बाबा, तुम्हाला काय बघायचंय?" मी म्हटलं, "तुम्ही दाखवाल ते बघीन. फक्त फ्लॉरेन्सला एक सकाळ माझी."

ऑगस्टात इटलीत ऊन असं की आपला मे महिना बरा. बरीच दुकानं बंद, त्यांचे मालक समुद्रावर गेलेले, आणि शहरात सगळे आमच्यासारखे पाहुणे. फ्लॉरेन्सला पहिल्या दिवशी उफित्सीचं चित्रसंग्रहालय पाहिलं. प्रबोधनाचा काळ मी तीस वर्षं शिकवला. लिओनार्दो, मायकेल एंजेलो, राफेल ही नावं पुस्तकात होती, चित्रं मात्र काडेपेटीएवढी आणि काळीपांढरी. बोतिचेलीच्या 'प्रिमावेरा' या चित्रासमोर उभा राहिलो तेव्हा ते भिंतभर पसरलेलं बघून मी थक्क झालो. सुमारे १४८० सालचं, लाकडी फळ्यांवर रंगवलेलं. नारिंगीच्या बागेत वसंत ऋतू अवतरला आहे आणि पायाखालचं एकेक फूल ओळखू यावं असं काढलं आहे.

या चित्राची एक हकीकत मी जाण्यापूर्वी वाचली होती, ती तिथंच नातवाला सांगितली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने फ्लॉरेन्समधली चित्रं आसपासच्या खेड्यांतल्या वाड्यांत, गढ्यांत हलवली होती. त्यांपैकी मोंतेगुफोनी नावाच्या गढीत 'प्रिमावेरा' होतं, जोत्तोची मॅडोना होती, उच्चेलोचं लढाईचं चित्र होतं. उफित्सीचे ग्रंथपाल फासोला हे लढाईच्या धामधुमीत तिथं पोचून चित्रांपाशी राहिले होते. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन मागे हटले आणि गढीत शिरले ते आठव्या भारतीय डिव्हिजनचे सैनिक. एरिक लिंकलेटर हा स्कॉटिश लेखक तेव्हा तिथं पोचला होता, त्याने हे लिहून ठेवलं आहे. गढीत मुक्काम पडला होता तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीचा.

नातू म्हणाला, "म्हणजे आपले मराठी लोक? याच चित्राजवळ?"

"याच चित्राजवळ," मी म्हटलं. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा या भागांतली शेतकऱ्यांची पोरं असणार. त्यांना ते चित्र कसं वाटलं, कुणी त्यांना विचारलं नाही. पण चित्र आज जागेवर आहे, ओरखडाही नाही. मी तीस वर्षं प्रबोधन शिकवलं, त्यात हे एक वाक्य आलं असतं तर मागच्या बाकांवरच्या पोरांनी माना वर केल्या असत्या.

दुसऱ्या दिवशीची सकाळ माझी. आर्नो नदीच्या काठाने शहराच्या पश्चिमेला काशिने नावाची मैलोन्‌मैल लांब बाग आहे. पूर्वी ती तिथल्या सरदार-दरकदारांची, मेदिची घराण्याची शेती आणि शिकारीची जागा होती. ट्रामने बागेच्या थांब्यावर उतरलो आणि चालायला लागलो. आम्हाला बागेचं अगदी शेवटचं टोक गाठायचं होतं. उन्हाच्या आत पोचू म्हणून निघालो होतो, पण सौ.च्या गुडघ्यांनी आणि नातवाच्या कंटाळ्याने ते जमू दिलं नाही.

"आजोबा, आपण काय बघायला चाललोय?"

"छत्री."

"म्हणजे अंब्रेला?"

जर्मनीत वाढलेल्या मुलाचं चुकलं नाही. मी त्याला सांगितलं की आपल्याकडे राजेरजवाड्यांच्या दहनाच्या जागी खांबांवर घुमटी बांधतात, तिलाही छत्री म्हणतात. ऊन-पावसापासून माणसाला जपते ती छत्री, आणि आठवणीला जपते तीही छत्रीच.

झाडी संपली आणि ती समोर आली. खांबांवर उभी असलेली नक्षीदार घुमटी, तिच्याखाली रंगवलेला अर्धपुतळा. कोवळा चेहरा, डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने. चारही बाजूंना सायप्रस आणि पाईनची इटालियन हिरवळ, आणि मध्ये ही आपल्या ओळखीची घुमटी! पंचगंगेच्या घाटावरच्या छत्र्या बघत मोठा झालेला मी, मला एकदम गावाकडचं कुणीतरी परक्या स्टेशनावर भेटावं तसं झालं. सौ.ने पायातल्या चपला काढल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

या छत्रीचा आराखडा केला मेजर चार्ल्स मँट यांनी. पुतळा घडवला चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने. १८७४ साली ती उभी राहिली. याच मँटसाहेबांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा यांचे आराखडे केले. म्हणजे कोल्हापूरचा जो राजवाडा बघायला आज लोक गर्दी करतात आणि फ्लॉरेन्सची जी छत्री कोल्हापूरचं क्वचित कुणी बघतं, ती एकाच माणसाच्या कागदावरची.

छत्री नेमकी इथंच का, हे थोडं पुढं गेल्यावर कळलं. मुन्योने नावाची एक लहान नदी तिथं आर्नोला मिळते. आपल्याला संगम म्हटला की वेगळं सांगायला नको. मुलखापासून हजारो मैलांवर, आपला राजा गेलेला, बोली अनोळखी, धर्म अनोळखी, अशा वेळी बरोबरच्या लोकांनी संगम शोधला! मी त्या काठावर उभा राहून त्यांचाच जास्त विचार केला. कोण असतील ते? कारभारी, भटजी, आचारी, हुजरे. राजाचं नाव दगडात आहे, त्यांचं नाही.

आणि दहन तरी सोपं होतं का? युरोपात तेव्हा प्रेत पुरायचं, जाळायचं नाही. इटलीत दहनाची रीत रूढच नव्हती. मिलान शहरात पहिलं आधुनिक दहन झालं ते १८७६ साली, म्हणजे यानंतर पाच-सहा वर्षांनी. कॅथलिक चर्चने तर १८८६ मध्ये दहनाला बंदीच घातली, ती १९६३ साली सैल झाली. अशा मुलखात ब्रिटिश वकिलातीमार्फत रदबदली करून नगर अधिकाऱ्यांची परवानगी मिळवली गेली आणि या संगमावर चिता रचली गेली. शहरातले लोक ते दृश्य बघायला लोटले होते.

परवानगी मिळाली, यात काळाचाही हात असावा असं मला वाटतं. फ्लॉरेन्स १८६५ पासून इटलीची राजधानी होती. हे मी शिकवलेलं नाही, कारण पुस्तकात नव्हतं. रोम तेव्हा पोपच्या ताब्यात आणि पोपच्या रक्षणाला फ्रेंच फौज. १८७० च्या जुलैत फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध जुंपलं, फ्रेंच फौज मायदेशी गेली, आणि २० सप्टेंबरला इटलीच्या सैन्याने रोम घेतलं. त्यानंतर दहा आठवड्यांत आमचे महाराज फ्लॉरेन्सला वारले. चर्चशी उभा दावा मांडलेल्या एका नव्या सरकारच्या राजधानीत एका हिंदू राजाला अग्नी मिळाला. तेच युद्ध चाललं होतं, पॅरिसला वेढा पडला होता, म्हणून फ्रान्समधून सरळ वाटेने परतण्याची सोयही त्या हिवाळ्यात नव्हती. ज्या लढाईने इटलीला रोम दिलं, तिचीच सावली आमच्या राजाच्या वाटेवर होती. इतिहासात धडे वेगवेगळे असतात, घटना मात्र एकमेकींना धरून असतात. हे तीस वर्षं शिकवून झाल्यावर मला त्या नदीकाठी समजलं.

छत्रीच्या पाठीमागे एक मोठा पूल दिसतो. दोन उंच मनोरे आणि त्यांना बांधलेले जाडजूड दोर. १९७८ साली पुरा झालेल्या या पुलाला नाव आहे 'पोंते आल्लिंदियानो', म्हणजे त्या हिंदी माणसापाशी असलेला पूल. बागेचा हा सगळा भागच 'इंदियानो'. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि त्यांना बसमध्ये, रेडिओवर हे नाव ऐकू येतं. जावईबापूंनी तिथं सायकलवरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये विचारलं, हा पुतळा कुणाचा? ते हसून म्हणाले, "इंदियानो." पुढं काही त्यांना सांगता येईना. एक राजपुत्र होता, एवढंच.

मला हसू आलं नाही. ते रोज त्या छत्रीवरून जात होते आणि मी रोज त्या कॉलेजात जात होतो. फरक एवढाच की त्यांनी माहीत नाही हे कबूल केलं आणि मी एका पोराला दाराशी उभं केलं.

फ्लॉरेन्स सोडून आम्ही गाडीने उंब्रियाकडे निघालो. अरेझ्झो मागे पडलं की टायबर नदीचं वरचं खोरं लागतं. हीच टायबर पुढे रोमला जाते. वाटेत सूर्यफुलं माना टाकून उभी, आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसली तंबाखू! पानांनी भरलेली, पुरुषभर उंचीची, अगदी निपाणीकडची वाटावी अशी. हे खोरं तंबाखूसाठी जुन्या काळापासून नावाजलेलं आहे. मी गाडी थांबवायला लावली आणि बांधावर उभा राहून पान चोळून पाहिलं. मालक असता तर त्याला खुडणी कधी, हे विचारलं असतं.

नातवाने बागेतून निघाल्यापासून एकच धरून ठेवलं होतं. "आजोबा, तो राजा होता म्हणून त्याला छत्री. बाकीच्यांना काय?" उफित्सीतले पलटणीतले लोक त्याच्या डोक्यातून गेले नव्हते. म्हणून मी शेतघरापासून जवळच असलेल्या मोंतोने या गावी जायचं ठरवलं.

मोंतोने म्हणजे टेकडीवरचं तटबंदीचं गाव. दगडी बोळ, कुंड्यांत लाल फुलं, दुपारची सामसूम. पंधराव्या शतकातला ब्राच्चो फोर्तेब्राच्चो हा नावाजलेला भाडोत्री सेनापती इथला. पण आम्ही गेलो होतो ते यशवंत घाडगे यांच्यासाठी. माणगाव तालुक्यातले, आजच्या रायगड जिल्ह्यातले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. १० जुलै १९४४ रोजी या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन निकामी केली, एकाला गोळी घातली, आणि काडतुसं बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. लपलेल्या शत्रूच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते तिथंच पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीत मात्र त्यांची कबर नाही, दहनाची जागाही ठाऊक नाही. कासिनोच्या स्मारकावर बेपत्ता मृतांच्या यादीत त्यांचं नाव कोरलेलं आहे.

जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या लोकांनी त्यांचं स्मारक उभं केलं, छायाघड्याळाच्या रूपात. त्यावरच्या लॅटिन शब्दांचा भाव असा की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. नातवाने सावली बघून वेळ सांगायचा प्रयत्न केला, मग मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिला.

मुलीने विचारलं, "पण बाबा, इटली तर १९४३ लाच शरण आली होती ना? तुम्हीच शिकवलं होतं." ती माझ्याच शाळेत शिकली. तिचं बरोबर होतं. पुस्तकातलं वाक्य तेवढंच होतं, सप्टेंबर १९४३ मध्ये इटली शरण आली, की लगेच पुढचा धडा. पण इटली शरण आली तशी जर्मनीने उरलेला देश व्यापला आणि डोंगरामागून डोंगर, नदीमागून नदी अशी लढाई पुढे दीड वर्षाहून जास्त चालली. रोम घेतलं गेलं ४ जून १९४४ ला, आणि सगळं थांबलं २ मे १९४५ ला. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन तिथं लढल्या. सुमारे पन्नास हजार माणसं, त्यांतली पाच हजारांहून अधिक परतली नाहीत. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीवर, लढाईचे शेवटचे तीन-चार आठवडे उरले असताना. ते सुखरूप परत आले. आपल्याकडच्या किती घरांत कुणीतरी "इटलीत गेला" ते परतलाच नाही, आणि मी वर्गात सांगत होतो, इटली शरण आली, पुढचा प्रश्न.

हिंदू सैनिकांना त्या लढाईत त्यांच्या रीतीने अग्नी देत. त्यांची नावं इटलीतल्या सांग्रो नदी, फोर्ली आणि रिमिनी इथल्या दहनस्मारकांवर आहेत. फ्लॉरेन्सच्या संगमावर एका राजासाठी खास परवानगी काढावी लागली होती, पाऊणशे वर्षांनी ती साध्या शिपायांनाही मिळाली. नातवाच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर होतं. राजाला छत्री आहे, पण तिथले लोक नाव विसरले. घाडग्यांना कबर नाही, पण गावाने नाव लक्षात ठेवलं. दोन्ही ठिकाणी कुणीतरी ते नाव मोठ्याने घ्यायला हवं, नाहीतर दगड नुसता दगड.

रोम पाहिलं, परत आलो. घरी आल्यावर मी एक काम केलं. जुन्या विद्यार्थ्यांना विचारत विचारत त्या मुलाचा फोन नंबर मिळवला. मुलगा कसला, पंचावन्न वर्षांचा गृहस्थ. शेती करतो, खतांचं दुकान आहे, नातवंडं आहेत. मी त्याला छत्रीचा फोटो पाठवला आणि मग फोन केला. १९८३ सालचा तास सांगितला. म्हटलं, तू बरोबर होतास, मी चुकलो होतो, आणि चूक लपवायला तुला शिक्षा केली. माफ कर.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "सर, प्रश्न काय मला आठवत न्हाई बगा. दाराजवळ उभं केल्यालं तेवढं आठवतंय."

मी गप्प. चाळीस वर्षं मी प्रश्न उराशी धरून बसलो होतो आणि त्याच्याजवळ उरली होती फक्त शिक्षा. शिक्षकांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असाल तर एवढं लक्षात ठेवा.

मग तोच हसला. म्हणाला, "जाऊ द्या सर, लई वर्सं झाली. पण आता सांगून टाका की. कोणते राजाराम महाराज?"

फोनवर मी गडबडलो, नीट सांगता आलं नाही. म्हणून हे सगळं लिहून काढलं. तर बाळ, उत्तर लिहून घे. राजाराम महाराज, कोल्हापूर. जन्म १८५०, गादीवर आले १८६६ साली, मृत्यू ३० नोव्हेंबर १८७०, फ्लॉरेन्स, इटली. दहन आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, तिथं छत्री आहे. त्यांच्या नावाच्या हायस्कुलातून पुढे १८८० साली कॉलेज निघालं, त्याला त्यांचंच नाव. तुझं साल बरोबर होतं.

आता बस खाली.